कप्तान बसत नाही

भिंतीवर दोन माणसांच्या उंचीचा पिवळा ससा आहे. त्याच्या हातात गाजर आहे. गाजराच्या मधोमध गोळीचं भोक पडलंय. ससा मात्र हसतोय.

*

खाटा लहान मुलांच्या, माणसं मोठी. सकाळी पहारेकरी खोलीत शिरला की त्याला आधी नुसती पावलं दिसतात.

*

येणाऱ्याजाणाऱ्याला "या, चहा घ्या" म्हणायचं. त्यानं छातीवर हात ठेवून "पुन्हा कधी तरी" म्हणायचं. अर्थ एवढाच की मी तुला पाहिलं, तू मला पाहिलंस, आता चालू लाग.

*

सफरमोहचा निरोप, नान विकायला येणाऱ्या बाईच्या तोंडून: "मामाला काही झालं तर या घराचं दार तुमच्यासाठी बंद. आणि पायमोजे धुवायला पाठवून द्या."

*

लोखंडाचा तुकडा, जर्दाळूच्या बीएवढा. डॉक्टरांनी तो काढून पेल्यात टाकला तेव्हा टणकन वाजला. त्याचा धाकटा भाऊ अजून आतच आहे.

*

फाटकावरची पाटी कुणी काढलेली नाही: जेवणानंतर लगेच पोहू नये.

*

हे सगळं एकाच ठिकाणचं. वख्श नदीच्या खोऱ्यात, कालव्याला लागून, मुलांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत येऊन राहावं म्हणून छावणी बांधलेली होती. देशात आपसांतली लढाई पेटली, मुलं यायची थांबली आणि त्यांच्या खाटांवर कैदी झोपू लागले. कैदी म्हणजे तरी कोण, कालव्याच्या पलीकडच्या गावांतले लोक. अलीकडचे आणि पलीकडचे एकमेकांच्या लग्नात जेवलेले, एकमेकांच्या पोरी करून आणलेले. आता मधे पूल होता आणि पुलावर वाळूची पोती.

छावणीचा प्रमुख कप्तान शोदमोन. आघाडीवर जखमी झाला म्हणून त्याला हे बसून करायचं काम दिलं होतं. अडचण एकच होती. त्याला बसता येत नव्हतं.

जखम मांडीत आहे, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं. सरदारांच्या मुख्यालयात सांगितलं, सासरी सांगितलं, स्वतःच्या आईला तर दोनदा सांगितलं. खरी जखम मांडीच्या वर आणि मागे होती. तोफेचा गोळा फुटला तेव्हा तो बुटाची नाडी बांधायला वाकला होता. पण आपल्याकडे मागून जखमी झालेल्या माणसाला लोक एकच प्रश्न विचारतात, तोही हसून: कुठल्या दिशेला पळत होतास रे?

म्हणून शोदमोन उभ्यानं जेवायचा, उभ्यानं हुकूम द्यायचा, खिडकीच्या कट्ट्यावर कोपर टेकून उभ्यानं सह्या करायचा. पहारेकऱ्यांना वाटायचं, काय शिस्तीचा माणूस! फसला नव्हता तो एकच जण, आणि नेमका तोच त्याचा कैदी आणि त्याचा मामेसासरा होता.

पीरनझर मामा. शोदमोनची बायको सफरमोह, तिच्या आईचा सख्खा भाऊ. पांढरी दाढी, कमरेला रुमाल बांधलेला जाड झगा आणि खोऱ्यात प्रसिद्ध असलेली जीभ. लग्नात वऱ्हाडाची टिंगल करायला त्याला लोक लांबून बोलवायचे. नवरदेवाच्या कानांपासून व्याह्याच्या कंजूषपणापर्यंत कशावरही जागच्या जागी दोन ओळी जोडायचा. पुलावर खेचरासकट पकडला गेला आणि ट्रकनं इथे आला. खेचर कुठे गेलं ते कुणी सांगत नव्हतं, आणि मामा रोज विचारायचा.

"जावईबापू, जरा टेका की. सकाळपासून उभे आहात."

"मला उभं राहायला आवडतं, मामा."

"आवडणारच. घोडासुद्धा उभ्यानं झोपतो. पण घोड्याला कुणी कप्तान करत नाही."

"मांडीत जखम आहे. माहीत आहे तुम्हाला."

"आहे ना माहीत. मांडी तुमची फारच वर चढलेली दिसते."

शोदमोन दातओठ खायचा आणि ससा बघत राहायचा.

*

त्या दिवशी दुपारनंतर परदेशी लोकांची पांढरी गाडी यायची होती. पुलावर कैद्यांची अदलाबदल ठरली होती. त्यांच्याकडचे काही इकडे, आपल्याकडचे काही तिकडे. तिकडे जाणाऱ्यांत मामाचं नाव होतं. परदेशी बाईनं स्वतः येऊन, हात मिळवून ते नक्की केलं होतं. शोदमोननं सकाळीच दाढी केली, उभ्यानं.

पांढऱ्या गाडीच्या आधी हिरवी जीप आली.

जीपमधून तुरसुन उतरला. कातडी जाकीट, नुकती फुटल्यासारखी मिशी, खांद्यावर बंदूक. सरदारांना कुणी हवं असलं की ते तुरसुनला पाठवायचे, आणि तुरसुनबरोबर गेलेला माणूस परत आल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. सरदारांना कोण हवं असेल, हे शोदमोनला विचारायची गरज नव्हती. तोंडात शब्द येईनात. आला तो लहानपणापासून पाठ असलेला.

"या, चहा घ्या."

आता तुरसुननं छातीवर हात ठेवायचा होता. पण पठ्ठ्या कालपासून उपाशी होता.

"घेऊ की," तो म्हणाला.

शोदमोन लंगडत स्वयंपाकघरात गेला. तिथे नोरबीबीचं राज्य होतं. मुलांची छावणी असल्यापासून ती इथली स्वयंपाकीण. तिच्या लेखी कैदी, पहारेकरी, कप्तान ही सगळी हात न धुता जेवायला बसणारी कार्टी.

"पाहुणा आलाय. चहा घेतो म्हणाला."

"पहिल्याच खेपेला?" नोरबीबी वळली. "कुठल्या घरातला आहे हा?"

"सरदारांचा माणूस आहे. मामांना न्यायला आलाय."

नोरबीबीनं हातातला कांदा खाली ठेवला.

"मग नुसता चहा कसा द्यायचा?" ती म्हणाली. "ओश करते. पाहुण्याला नुसत्या चहावर पाठवला तर खोऱ्यात माझं नाक कापलं जाईल. मांस चिरायचं आहे, गाजरं चिरायची आहेत, तांदूळ तर निवडायचेच आहेत. वेळ लागेल हो पण."

"लागू दे."

"किती लागू दे?"

"गाडी येईपर्यंत."

"तांदूळ फार घाण आहेत या वेळचे," नोरबीबी म्हणाली आणि स्वच्छ पांढरे तांदूळ ताटात ओतून बसली.

*

तुतीच्या झाडाखाली लाकडी कट्टा होता. त्यावर गाद्या, मधे दस्तरखान, त्यावर नान, मनुका, खडीसाखर. तुरसुन बसला, त्याचा ड्रायव्हर बसला, शोदमोनचे दोन पहारेकरीही बसले. यजमान वाढायच्या निमित्तानं उभा.

इतक्यात कालव्यावरून हातपाय धुऊन पीरनझर मामा आला; मामेसासऱ्याला शोदमोन दिवसा कोंडत नसे. हातात तांब्या, दाढीतून पाणी ठिबकत होतं.

तुरसुनला सरदारांनी नाव सांगितलं होतं. चेहरा सांगितला नव्हता. त्याला दिसली ती पांढरी दाढी. तो ताडकन उठला, छातीवर हात ठेवून वाकला.

"अस्सलोम आलेकुम, बाबा. या, वर या. वर बसा."

"इथेच बरा आहे, बेटा."

"छे छे! तुम्ही खाली आणि आम्ही वर? वर बसा."

त्यानं मामाला कोपराला धरून वर नेलं, मानाच्या जागी बसवलं आणि पाठीशी लोड सरकवला. मग दोन्ही हातांनी नान उचलून पुढे ठेवली. मामानं शोदमोनकडे बघितलं. शोदमोन सशाकडे बघत होता. मामानं नान मोडली आणि पहिला तुकडा तुरसुनला दिला. तुरसुननं तो खाल्ला.

मग बोटं झटकून तो कामाला लागला.

"कप्तान, तुमच्याकडे पीरनझर म्हणून एक तोंडाळ माणूस आहे. लग्नात टवाळी करणारा. सरदारांना हवाय."

"कशाला हवाय?" मामानं विचारलं.

"तुम्ही चहा घ्या, बाबा."

"घेतोय ना. कशाला हवाय?"

"सरदारांच्या सोन्याच्या दातांवर काहीतरी बोललाय."

"काय बोललाय?"

तुरसुननं इकडेतिकडे बघितलं. मिशीखाली काहीतरी हललं. "म्हणे, सरदारांच्या तोंडात सोनं मणभर, आणि शब्द सगळे कथलाचे."

ड्रायव्हरला चहाचा ठसका लागला. पहारेकरी एकाएकी मनुका निवडू लागले.

"तसं नाही ते," मामा म्हणाला. "शब्द सगळे कथलाचे, तेही उसने. माणसानं अर्धंच सांगू नये, मजा जाते."

"तुम्हाला काय माहीत?"

"माझंच आहे."

तुरसुनच्या हातात नानेचा दुसरा तुकडा होता. तो त्यानं बघितला, उलटा करून बघितला. पहिला तर पोटात गेला होता.

*

कोण कुठे बसलं होतं, ते पुन्हा एकदा. मानाच्या जागी: ज्याला न्यायचं तो. त्याच्या उजव्या हाताला: जो न्यायला आला तो, आणि वरच्याला वर बसवणाराही तोच. खाली: ड्रायव्हर आणि दोन पहारेकरी. उभा: यजमान, एका पायावरून दुसऱ्या पायावर.

*

"ठीक आहे," तुरसुन शेवटी म्हणाला. आवाज कोरडा झाला होता. "चहा झाला. बाबा, दुआ करा, निघू या."

दस्तरखानावरून उठायचं तर जो सगळ्यांत वडील तो दुआ म्हणणार, सगळे तोंडावरून हात फिरवून "ओमीन" म्हणणार, मगच गुडघे हलणार. सगळ्यांत वडील कोण होतं, हे वेगळं सांगायला नको.

"ओश यायचाय," मामा म्हणाला.

"ओश यायचाय!" स्वयंपाकघरातून नोरबीबी ओरडली. "ओश न खाता उठलात तर तुमच्या गावात निरोप पाठवीन! कुठलं रे गाव तुझं, जाकीटवाल्या?"

तुरसुननं गावाचं नाव सांगितलं. सांगून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की सांगायला नको होतं.

"अगं बाई! तिथल्या बायका तर माझ्या मैत्रिणी!"

ओश आला तेव्हा ऊन तुतीच्या या बाजूनं त्या बाजूला गेलं होतं. वर लसणाचे अख्खे गड्डे, मांसाचे तुकडे, गाजर तुपकट पिवळं. सगळे एकाच ताटात हातानं जेवले. मामानं मांसाचा चांगला तुकडा वेचून तुरसुनच्या पुढ्यात सरकवला, आणि तुरसुननं, काय करणार, "रहमत, बाबा" म्हणून खाल्ला. शोदमोनचे कान रस्त्याकडे होते. रस्त्यावर एक गाढव ओरडत होतं, बाकी काही नाही.

ताट रिकामं झालं. तुरसुननं स्वतःच दोन्ही हात पुढे धरले. ड्रायव्हरनं धरले नाहीत. पहारेकऱ्यांनीही नाही. सगळे मामाकडे बघत होते. तुरसुनचे हात तसेच राहिले, थेंब पडतायत का बघावं तसे. मग त्यानं ते हळूच मांडीवर ठेवले.

"करा ना दुआ, बाबा."

"करतो. पण यजमान, आमचे जावईबापूच, बसलेले नाहीत. त्यांनी आपल्याबरोबर घास घेतलेला नाही. अशा जेवणाची दुआ मी तरी आजवर केली नाही. तुमच्या गावात करतात?"

"नाही करत," ड्रायव्हर म्हणाला. तुरसुननं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं तोंडात खडीसाखर कोंबली.

"कप्तान, बसा."

शोदमोनला मामाचा डाव कळला. बसला की दुआ. दुआ झाली की जीप. दात आवळून क्षणभर टेकता आलं असतं, आणि तेवढ्यानंच मामा गेला असता.

"मी उभाच बरा."

"बसा म्हणतोय ना."

"जखम आहे."

"मांडीतच ना? माझ्या चुलतभावाला मांडीत गोळी लागली. बसतो तो. घोड्यावरसुद्धा बसतो." तुरसुनचा हात शेजारी ठेवलेल्या बंदुकीवर गेला. "कप्तान, तुम्ही दोघं मिळून मला खेळवताय. बसा, नाहीतर दुआबिआ सोडून मी यांना असाच उचलतो. पाप लागलं तर माझ्या माथी."

मामानं वाटी खाली ठेवली आणि कमरेचा रुमाल सोडून पुन्हा घट्ट बांधला, लांब जायचं असल्यासारखा.

सांगायचं तर एकच सांगता येत होतं. एकदा सांगितलं की तुरसुन सरदारांना सांगणार, सरदार सगळ्या सैन्याला. मग खोऱ्यात लग्न निघालं की कप्तान शोदमोनचं बूड निघणार. आणि त्याच्यावर सगळ्यांत आधी गाणं कोण जोडणार? जो मानाच्या जागी बसलाय तोच. त्याला वाचवायचं, आणि तेही त्यालाच गाणं पुरवून!

"मांडीत नाही," शोदमोन म्हणाला.

"मग?"

"वर."

"किती वर?"

स्वयंपाकघरात झारा थांबला.

"मागे," शोदमोन म्हणाला.

मामानं चहाचा घोट घेतला, फार सभ्यपणे.

"थापा मारता," तुरसुन म्हणाला. "सगळ्यांना मांडी म्हणून सांगितलंत आणि आज बसायला नको म्हणून जागा बदलली? दाखवा."

"इथे? दस्तरखानासमोर?"

"त्या सशाच्या मागे चला."

*

सशाच्या भिंतीच्या दुसऱ्या बाजूला एक साळिंदर ढोल वाजवत होतं. त्याच्यासमोर उभं राहून कप्तान शोदमोननं पट्टा सोडला.



"दोन्ही?" तुरसुननं विचारलं.

"दोन्ही."

"एकाच गोळ्यात?"

"वाकलो होतो."

"कशाला?"

"बुटाची नाडी."

तुरसुननं आधी ओठ दाबले. मग नाक दाबलं. मग तो साळिंदराला धरून खाली बसला आणि हसू लागला. असा हसला की कट्ट्यावर ड्रायव्हर कारण न कळता हसायला लागला, आणि कोंडून ठेवलेले कैदी खिडक्यांना येऊन बघू लागले. थांबला की पुन्हा सुरू.

"झोपता कसे?"

"पालथा."

पुन्हा.

"आणि वहिनी काय म्हणतात?"

"तिलाही मांडीच सांगितली आहे."

यावर तुरसुनच्या डोळ्यांतून पाणी आलं. जाकिटाच्या बाहीनं त्यानं ते पुसलं. तोंड उघडं टाकून हसणारा तुरसुन फार लहान दिसत होता, शाळेतून पळून आलेल्या पोरासारखा.

"कप्तान, क्षणभर टेकला असतात तर सुटला असतात. माझ्यापुढे कशाला अब्रू घालवलीत?"

शोदमोन पट्टा बांधत होता. "बायकोचा मामा आहे तो."

"ते मला कळलं. मघाशी 'जावईबापू' म्हणाले." तुरसुन उठून उभा राहिला. मग म्हणाला, "माझं लग्न झालं नाही अजून."

फाटकावर हॉर्न वाजला.

*

पांढऱ्या गाडीतून उंच परदेशी बाई उतरली, तिच्या मागोमाग दुभाष्या. शोदमोनच्या तोंडून सवयीनं तेच निघालं, "या, चहा घ्या," आणि बाईला रीत माहीत नसल्यामुळे तीही लगेच बसली. मामाशी हात मिळवला. नाव विचारलं. मामानं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, आजोबाचं सांगितलं, आणि खेचराचं वर्णन करू लागला.

तुरसुन कट्ट्याच्या काठावर उभा होता. बंदूक त्यानं उचलली, खांद्याला लावली, मग पुन्हा काढून झाडाला टेकवली.

"सरदारांना काय सांगू?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

"जे झालं ते," शोदमोन म्हणाला. "जेवण उरकलं नाही. कप्तान बसला नाही."

"का बसला नाही, तेही सांगावं लागेल."

"सांग."

"हसले तर ठीक," तुरसुन म्हणाला.

"हसतील," मामा तिकडून म्हणाला. "दात दाखवायला त्यांना निमित्तच हवं असतं."

मग बाईनं नानेचा तुकडा तोंडात टाकला आणि मामा जरा सावरून बसला. "माझी चूकच झाली," तो म्हणाला. "वयानं विसरायला होतं. आजारी यजमान उभा राहिला तर त्याला माफ असतं." आणि त्यानं हात पुढे धरले.

दुआ लांबलचक होती. जखमींसाठी, ड्रायव्हरांसाठी, वाटेवरच्यांसाठी, कालव्याच्या दोन्ही काठांसाठी, नोरबीबीच्या तांदळासाठी, सरदारांच्या दाढांसाठी. ओमीन. सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले. तुरसुननंही. परदेशी बाईचे हात थोडे उशिरा फिरले.

गाडीत चढताना मामानं शोदमोनचा खांदा धरला आणि कानाशी तोंड आणलं.

"जावईबापू, चाल लागली आहे. शब्द पुलापर्यंत सुचतील."

"मामा, निदान नाव घालू नका."

"नावाशिवाय कोण हसेल?"

*

शोदमोन घरी पोचला तेव्हा गाणं त्याच्या आधी पोचलेलं होतं. पलीकडच्या काठावर म्हटलेलं गाणं या काठावर कसं आलं, हे वाळूच्या पोत्यांनाच ठाऊक. सफरमोहनं दार उघडलं. डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडात धरलं होतं, डोळे मात्र झाकता आले नव्हते. आत भिंतीशी जाड गादी घातलेली होती, वर आणखी एक, त्याच्यावर आणखी एक.

"मामा पोचला," ती म्हणाली. "बसा."

शोदमोननं तिच्याकडे बघितलं. ती खो खो हसत जमिनीवरच बसली, आणि मग रडली, आणि तो तिच्याजवळ उभा राहिला.